हारिती राक्षसीण आणि आपली लेकरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी आरमोरी येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळाच्या एका सभासद भगिनीने चार शब्द बोलावे, अशी आपली रीत आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चूलमूल आणि धानाची बांधी यांतच माझी निम्मी हयात गेली. तेव्हा विद्वत्तेचे भाषण मला साधणार नाही. परंतु गोष्ट सांगता येते. लेकरांना निजवताना आपण सगळ्याच जणी गोष्टी सांगतो. तशीच एक गोष्ट मी आज सांगणार आहे. ती राक्षसिणीची आहे आणि फार जुनी आहे.

राक्षसाची गोष्ट आपल्या झाडीपट्टीला नवी नाही. दिवाळी झाली, धान घरात आले, की गावोगाव मंडई भरते आणि रात्र रात्र नाटके चालतात. शेजारचे वडसा तर नाटक मंडळ्यांचे माहेरच. नाटकात राक्षस आला की पोरेबाळे आयांच्या पदराखाली तोंड लपवतात, आणि शेवटच्या अंकात त्याचा वध झाला की सगळा मांडव टाळ्या पिटतो. आजकाल मुले मोबाईलवरही असलेच पाहतात. कुठल्यातरी जुन्या देवळाखाली हजारो वर्षांचा राक्षस निजलेला असतो. तो जागा होतो, माणसे मारतो, आणि शेवटी कोणी वीर मंत्र म्हणून किंवा तलवार चालवून त्याला संपवतो. माझ्या गोष्टीतल्या राक्षसिणीला मात्र कोणी मारीत नाही. तरी ती थांबते. ती कशी थांबली एवढेच मला आज सांगायचे आहे. कारण त्या जातीची राक्षसीण आपल्या जिल्ह्यातही होती, आणि अजून ती पुरती गेलेली नाही.

कथा बौद्ध ग्रंथांतली आहे. मगध देशात राजगृह नावाचे मोठे नगर होते. बिहारमधले राजगीर ते हेच. बिंबिसार तेथे राज्य करीत होता. त्या नगरात एकाएकी लहान मुले नाहीशी होऊ लागली. आज या घरचे, उद्या त्या घरचे. पाळणे रिकामे झाले. लोक राजाकडे गेले. राजाने जाणत्यांना विचारले. जाणते म्हणाले, यक्षांचा कोप झाला आहे, उत्सव करा, नैवेद्य दाखवा. नगर शृंगारले, नैवेद्य ठेवले, तरी मुले जातच राहिली. शेवटी उलगडा झाला की एक यक्षिणी मुले चोरून नेते आणि खाते. लोकांनी तिला हारिती म्हटले. हारिती म्हणजे हरण करणारी, चोरून नेणारी.

ही हारिती कोणी एकटीदुकटी नव्हती. यक्षांचा सेनापती पांचिक हा तिचा नवरा, आणि तिला पाचशे मुलगे होते. सर्वांत धाकट्याचे नाव प्रियंकर. त्याच्यावर तिचा जीव. त्याला खाऊपिऊ घालायचे, अंगाखांद्यावर खेळवायचे, आणि मग दुसऱ्यांची मुले मारायला बाहेर पडायचे, असा तिचा क्रम होता.

लोक बुद्धाला शरण गेले. दुसऱ्या दिवशी बुद्ध भिक्षेला निघाले ते हारितीच्या घराशी आले. ती बाहेर गेली होती. अंगणात प्रियंकर खेळत होता. बुद्धांनी आपले भिक्षापात्र त्याच्यावर पालथे घातले. मूल पात्राखाली झाकले गेले आणि कोणाला दिसेना. हारिती परत आली. लेकरू नाही. तिने घर धुंडाळले, नगर धुंडाळले, चारी दिशा पालथ्या घातल्या. सात दिवस ती छाती बडवीत, केस मोकळे सोडून वणवण फिरली. शेवटी तीही बुद्धापुढे येऊन पडली. म्हणाली, माझे लेकरू हरवले, ते न मिळेल तर मी जीव देईन.

बुद्धांनी तिला विचारले, तुला मुले किती? ती म्हणाली, पाचशे. बुद्ध म्हणाले, पाचशेंतले एक दिसेना तर तुझी ही दशा झाली. ज्यांना एकच होते आणि ते तू खाल्लेस, त्या आयांचे काय झाले असेल?

बस, एवढेच. शाप नाही, शस्त्र नाही. बायांनो, मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा या ओळीशी पुस्तक मिटून ठेवले. ज्या बाईचे लेकरू गेले आहे तिला या प्रश्नाचे उत्तर कोणी सांगावे लागत नाही.

हारितीला उमगले. तिने पुन्हा कोणाचे मूल नेणार नाही असा शब्द दिला, आणि बुद्धांनी प्रियंकर तिच्या ओटीत घातला. पण ती गृहिणी होती. तिने पुढचा प्रश्न विचारला, जो कोणीही घर चालवणारी बाई विचारील. मग मी आणि माझी मुले खाणार काय? बुद्धांनी तो प्रश्न उडवून लावला नाही. त्यांनी सांगितले की यापुढे प्रत्येक विहारात जेवणाच्या वेळी तुझा आणि तुझ्या मुलांचा वाटा काढून ठेवला जाईल, आणि तू त्या जागेचे व तिथल्या लेकरांचे रक्षण करशील. खाणारी होती ती राखणारी झाली.

या कथेला मागच्या जन्माचीही एक गोष्ट जोडलेली आहे. त्या जन्मी हारिती ही राजगृहातली एक गवळीण होती. पोटुशी होती आणि ताक विकायला निघाली होती. वाटेत उत्सव चालला होता. लोकांनी तिला नाचायला ओढले. ती नाचली आणि तिचा गर्भ पडला. कोणी तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. तेव्हा तिने मनात धरले की पुढल्या जन्मी याच नगरातली मुले मी खाईन. म्हणजे राक्षसीण होण्याच्या आधी ती लेकरू गमावलेली आई होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

गेल्या साली मी लेकीकडे छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, गेले होते. तिथून जावईबापूंनी आम्हाला अजिंठ्याला नेले. दोन नंबरच्या लेण्यात, बुद्धाच्या मोठ्या गाभाऱ्याच्या उजव्या हाताला एक छोटी खोली आहे. तीत हारिती आणि पांचिक जोडीने बसलेले आहेत. पाचव्या शतकातले हे काम. हारितीच्या मांडीवर मूल आहे. वरच्या एका कोपऱ्यात तीच हारिती रागाने बुद्धावर चालून येताना कोरली आहे, आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्यांच्यापुढे नमलेली. मला सर्वांत आवडली ती खालची पट्टी. तिथे चक्क शाळा भरली आहे. एका टोकाला छडी घेतलेले गुरुजी आणि पाटी पुढे धरून बसलेली पुढची मुले. मागची मुले मात्र मेंढ्यांच्या टकरी लावण्यात दंग. दीड हजार वर्षे झाली, मागच्या बाकावरची पोरे काही सुधारली नाहीत! ज्या राक्षसिणीने मुले खाल्ली तिच्याच आसनाखाली मुलांची शाळा कोरणारा तो कारागीर मला फार शहाणा वाटला.

सातव्या शतकात इत्सिंग नावाचा एक चिनी भिक्षू आपल्या देशात येऊन राहिला होता. त्याने लिहून ठेवले आहे की इथल्या विहारांत ओसरीवर किंवा जेवणघराच्या कोपऱ्यात हारितीची मूर्ती असते, कडेवर एक मूल आणि पायांशी तीन किंवा पाच मुले असतात, आणि रोज तिच्यापुढे अन्न वाढून ठेवतात. म्हणजे दिलेला शब्द लोकांनी शेकडो वर्षे पाळला. नेपाळात स्वयंभूच्या स्तूपाजवळ आजही तिचे देऊळ आहे. जपानातही तिची देवळे आहेत. आपला मुलूखही या धर्माला परका नव्हता. वैनगंगेकाठी पवनीला स्तूपांचे अवशेष सापडले आहेत, आणि भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत.

हे भाषण मी आधी आपल्या मंडळातल्या एका वडीलधाऱ्या बौद्ध भगिनीला वाचून दाखवले. त्यांच्या वडिलांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, बाबासाहेबांच्या हातून झालेल्या दीक्षेत धम्म घेतला. त्या मला स्पष्ट म्हणाल्या, "वहिनी, आमच्या धम्मात भूतखेत, यक्षिणी यांना जागा नाही. तू ही गोष्ट खरी म्हणून सांगणार असशील तर सांगू नकोस." त्यांचे म्हणणे मला पटले. मी ही गोष्ट खरी म्हणून सांगत नाही. राजगृहात कोणी यक्षिणी नव्हती. पण मुले मात्र खरोखर मरत होती, आणि आया खरोखर छाती बडवीत होत्या. त्या दुःखाला लोकांनी एक तोंड दिले आणि त्याला हारिती म्हटले.

आपणही काही वेगळे केले नाही. बाळंतिणीच्या खोलीत पाचवी पुजायची, उशाशी विळा ठेवायचा, सटवी येऊन कपाळावर लिहून जाईल म्हणून रात्र जागवायची, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. माझ्या आजेसासूबाईंची नऊ बाळंतपणे झाली. जगली चार. म्हातारपणी दुपारच्या वेळी त्या बोटांवर मोजीत बसायच्या. जगलेल्यांची नावे आधी घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, एक दोन दिसांची, एक पाचवीचा, एक सातवीचा, एक दात येताना, आणि एक देवीने नेला. एकाचेही नाव ठेवले गेले नव्हते असे नाही, पण नावे त्या घेत नसत.

आता मी विचार करते, पाचवीला आणि सातवीलाच का? नाळ कापायला मिळेल तो विळा किंवा जुने पाते घ्यायचे, वर राख नाहीतर शेण लावायचे. त्यातून धनुर्वात व्हायचा. धनुर्वाताची लागण झालेले मूल जन्मल्यावर दोनचार दिवस बरे दूध पिते, आणि मग आठवड्याच्या आत-बाहेर त्याचा जबडा आवळतो, दूध सुटते, अंग ताठ होते. बायांनी हजारो वेळा पाहिले की हे दिवस घाताचे. त्यांचे पाहणे बरोबर होते. विळा उशाशी ठेवला तेही भीतीने. पण वैरी त्या विळ्याच्या धारेवरच बसला होता हे त्यांना कोणी सांगितले नाही.

ही राक्षसीण कशी गेली? आईला गरोदरपणी धनुर्वाताची सुई, स्वच्छ पाते, आणि नाळेला काहीही न लावणे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. आणि देवी? नेपाळात हारितीला देवीच्या रोगाची मालकीण म्हणूनच पूजतात. आपल्याकडेही अंगावर फोड उठले की माता आली म्हणत. ती देवी आता कोठेच नाही. देशातला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये झाला, आणि १९८० मध्ये साऱ्या जगातून ती गेल्याचे जाहीर झाले. आपल्या आयांच्या दंडावर जो गोल व्रण आहे, तीच तिच्या वधाची खूण. तुमच्या-माझ्या लेकरांच्या दंडावर तो नाही, कारण त्यांना देवीची लस टोचण्याची गरजच उरली नव्हती.

पण सगळ्यांत मोठे काम आपल्या जिल्ह्यात झाले, आणि ते आपल्यासारख्याच बायांनी केले. १९८६ साली डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग हे दांपत्य गडचिरोलीला आले आणि त्यांनी सर्च ही संस्था काढली. त्यांनी गावोगाव लेकरांचे जन्म आणि मृत्यू मोजले. शंभर लेकरे जन्मली तर बारा वर्षाच्या आतच जात होती. त्यांतली पुष्कळशी न्यूमोनियाने. मोजणे ही लहान गोष्ट वाटते, पण राजगृहातही आधी नैवेद्य दाखवला आणि चोर कोण हे नंतर शोधले. इथे चोर आधी शोधला.

न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात. गावातल्या सुइणींना शंभरपर्यंत मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी एक साधे यंत्र केले. एका मिनिटाची वाळूची घडी आणि बाजूला मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ श्वास म्हणजे धोका. त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतल्या बाळाला पन्नास. आता सांगा, यात मंत्र कोणता आणि तलवार कोणती?

मग गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाया निवडल्या, त्यांना आरोग्यदूत म्हटले. जिल्ह्यातल्या ३९ गावांत त्या बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. बाळाला वजनकाट्यावर घालायचे, उबदार पिशवीत ठेवायचे, पहिले चिकाचे दूध पाजायला लावायचे, श्वास अडला तर चालू करायचा, जंतूंची बाधा दिसली तर सुई द्यायची. ही सातवी, आठवी, दहावी शिकलेल्या बायांची कामे! मोठमोठ्या डॉक्टरांना वाटले होते की हे जमणार नाही. १९९३ ते ९५ या काळात त्या गावांत हजार बाळांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच जात होती. १९९८ साली ती संख्या सुमारे २५ वर आली. १९९९ मध्ये हे विलायतेच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले आणि साऱ्या जगाने आपल्या गडचिरोलीचे नाव ऐकले. पुढे २०११ पासून हीच रीत सरकारने देशभरच्या आशाताईंच्या हाती दिली. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ पाहायला घरी येते. सटवीची रात्र आहे तिथेच, पण तिच्या अलीकडे-पलीकडे आता आशाताईची पाळी आहे.

आपले आरमोरी कोशाचे गाव. रानात ऐनाच्या झाडावर कोशाच्या अळ्या सोडल्या की महिना-सव्वा महिना माणूस तिथून हलत नाही. पाखरे हाकलायची, मुंग्या राखायच्या, पाला संपला तर अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या. एक दिवस दुर्लक्ष झाले तर पीक गेले. अळीसाठी आपण एवढा पहारा देतो. लेकराच्या पहिल्या बेचाळीस दिवसांना तेवढाच पहारा लागतो, यापलीकडे त्यात काही गूढ नाही.

इथवर गोष्ट सुखाची झाली. पण मी आरंभी म्हटले की राक्षसीण पुरती गेलेली नाही. ते आता सांगते.

सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात दोन सख्ख्या भावांना ताप आला. एक सहा वर्षांचा, दुसरा साडेतीन. त्यांना आधी पुजाऱ्याकडे नेले. दोघेही दगावली. त्या आईबापांनी दोन्ही लेकरांचे देह खांद्यावर घेऊन चिखलातून आपले गाव गाठले. ते चित्र तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. आणि त्याच वर्षी १ मे ला, एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्याला, जादूटोणा करतात या संशयाने एका बाईला आणि एका म्हाताऱ्याला गावकऱ्यांनी मारहाण करून जाळून टाकले. पंधरा जणांना अटक झाली. त्यांत त्या बाईचा नवराही होता आणि मुलगाही.

हे दूर जंगलातले म्हणून आपण हळहळून मोकळे होतो. पण बायांनो, जाळणे दूर असेल, संशय दूर नाही. आपल्याच वस्तीत एक बाई आहे. नाव मी घेत नाही, घ्यायची गरजही नाही. रोवणीला ती सगळ्यांच्या पुढे असते. कोणाच्या घरी लग्न असले तर पहाटेपासून चुलीशी राबते. पण बारशाला तिला बोलावीत नाहीत. ती अंगणात आली की बाळंतीण लेकराला पदराखाली घेते. का? चार वर्षांपूर्वी एक बाळ गेले. आदल्या दिवशी तिने त्याला मांडीवर घेतले होते. बाळाला न्यूमोनिया झाला होता असे डॉक्टरांनी सांगितले, तरी लोकांनी बोट तिच्याकडेच दाखवले. तिची स्वतःची दोन लेकरे पहिल्याच महिन्यात गेली आहेत. ज्या बाईची मांडी दोनदा रिकामी झाली, तिने क्षणभर कोणाचे लेकरू उराशी धरले, एवढाच तिचा अपराध.

आता ती गवळीण आठवा. तिचा गर्भ पडला आणि नगराने वळून पाहिले नाही. त्या नगराने स्वतःची राक्षसीण स्वतः घडवली. आपली ही बहीण कोणाचे काही खात नाही, कोणाचे वाईट चिंतीत नाही. तरी आपण तिला हारिती ठरवले. आणि ज्याने बाळ नेले तो न्यूमोनिया पुढच्या घरी निघून गेला, कारण सगळ्यांचे डोळे या बाईवर होते. संशयाने बाईचा जीव जातो, आणि लेकराचाही वाचत नाही.

कायदाही आता आपल्या बाजूला आहे. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कोणाला करणी करणारी ठरवून छळणे, त्रास देणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. पण पोलीस येतात ते घडून गेल्यावर. घडण्याच्या आधी तिथे असते ती शेजारीण. म्हणून मी मंडळापुढे तीन गोष्टी मांडते.

पहिली. आपल्या वस्तीत बाळंतपण झाले की मंडळातल्या दोघीजणींनी आशाताईबरोबर जावे आणि घरच्यांना धोक्याच्या खुणा तोंडपाठ करून द्याव्यात. बाळ दूध ओढीत नाही, रडणे क्षीण झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास जलद चालतो, छाती आत ओढली जाते, बेंबीत पू दिसतो. यांतले एक जरी दिसले तरी तासभरही थांबू नये. बाळाला छातीशी घेऊन पांघरुणात गुंडाळून दवाखाना गाठावा. १०८ ला फोन करायचा, आणि गाडी यायला वेळ असेल तर कोणाची मोटारसायकल काढायची. यासाठी कोणत्या घरी कोणते वाहन आहे याची यादी मंडळात लावून ठेवावी.

दुसरी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुजारी बोलवायचा असेल तर त्यांच्याशी भांडत बसू नये. भांडणात वेळ जातो. त्यांना एवढेच म्हणावे की आधी दवाखाना, बाकीचे लेकरू घरी आल्यावर. माझ्या सासूबाई देवभोळ्या होत्या, पण या वाक्याला त्यांनी कधी नाही म्हटले नाही. लेकरू बरे होऊन आले की त्या खुशाल नारळ फोडत.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. पुढल्या महिन्यात आपल्या वस्तीत दोन बारशी आहेत. त्यांपैकी एक माझ्या पुतणीच्या मुलीचे. त्या बारशाला त्या बाईला आमंत्रण गेले आहे. मी स्वतः हळदकुंकू घेऊन, हो, ती विधवा आहे हे ठाऊक असूनही हळदकुंकू घेऊन, तिच्या घरी जाऊन आले. माझ्या पुतणीने, जिचे ते लेकरू आहे, तिनेच सांगितले की काकू, बाळ पहिल्यांदा त्यांच्याच मांडीवर द्यायचे. घरात दोन दिवस बोलणी झाली. काहीजणी येणार नाहीत असे कानावर आले आहे. ज्यांना यायचे नाही त्यांच्यावर माझा राग नाही. भीती एका दिवसात जात नाही. हारितीलाही समजायला सात दिवस लागले. पण बुद्धांनी तिचा वाटा काढून ठेवला आणि तो वाढणारे हात पुढे शेकडो वर्षे थकले नाहीत. आपल्याला तर एका शेजारणीला एका पंगतीत बसवायचे आहे.

भगिनींनो, आपल्या मंडळाने आजवर शिवणाचे वर्ग चालवले, बचतीची पुस्तके भरली, संक्रांतीची वाणे वाटली. त्या कामांच्या जोडीला हे एक काम घ्यावे, ही माझी विनंती. जिला पटेल तिने सभा संपल्यावर चिटणीसबाईंच्या वहीत आपले नाव लिहावे. माझे नाव मी सकाळीच लिहून ठेवले आहे, आणि बारशाची तिथी तुम्हाला कळवीनच.